जमावाला चेहरा असतो

जाळपोळीच्या प्रत्येक दंगलीनंतर एक वाक्य हमखास कानी पडते : ‘जमावाला चेहरा नसतो.’ पुढारी ते सभेत उच्चारतात, तपास अधिकारी त्याचा आडोसा घेतात आणि आपणही एक सुस्कारा टाकून ते मान्य करतो. हे वाक्य सोयीचे आहे, पण कायद्याच्या कसोटीवर ते टिकत नाही.

आग लावणे हा गुन्हा केव्हा ठरतो? १८६० च्या भारतीय दंड संहितेने त्याचे मूळ ‘आगळीक’ या अपराधात ठेवले. मालमत्तेचा नाश व्हावा, किंवा तिचे मूल्य वा उपयुक्तता घटावी. ते विस्तवाने वा स्फोटकाने घडावे. आणि करणाऱ्याच्या मनात नुकसानीचा उद्देश, निदान ते घडण्याचा संभव असल्याची जाणीव असावी. यांतील शेवटचा घटक कळीचा. चुलीतली ठिणगी उडून पेंढा पेटला, तर तो अपघात, फार तर निष्काळजीपणा. पण शाकारलेल्या छपरावर रॉकेल ओतून काडी ओढणाऱ्याला ‘मला केवळ धाक दाखवायचा होता’ असे म्हणून सुटता येत नाही. परिणामाची जाणीव होती, एवढे पुरे.

प्रार्थनास्थळ, राहते घर किंवा मालमत्ता ठेवण्याची जागा नष्ट करण्याच्या उद्देशाने वा जाणिवेने आग लावली, तर कलम ४३६ अन्वये जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्येही हीच शिक्षा आहे. येथे घराची किंमत विचारलेली नाही. कुडाच्या झोपडीला आणि चिरेबंदी वाड्याला कलम एकच.

मग अडते कोठे? ओरिसातील कंधमालकडे पाहा. २३ ऑगस्ट २००८ रोजी स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांचे चार सहकारी यांची हत्या झाली. ते कृत्य निंद्यच होते. पण त्याचा सूड ज्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता अशा ख्रिस्ती कुटुंबांवर उगवला गेला. घरे जळली, चर्चेस जळली, माणसे रानात पळाली. आर्चबिशप राफेल चिनाथ यांच्या याचिकेवर २ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा हिशेब असा होता : नोंदलेले गुन्हे ८२७ (त्यांत जाळपोळीबरोबर इतर गुन्हेही होते), आरोपपत्रे ५१२, निकाली निघालेले खटले ३६२, शिक्षा झालेले ७८. उरलेल्या ३१५ प्रकरणांत एक तर गुन्हाच घडला नाही, नाही तर गुन्हेगार सापडले नाहीत, असा अहवाल देऊन तपास थांबला होता. ‘गुन्हा खरा, पण आरोपी अज्ञात’ या शेऱ्याला महाराष्ट्राच्या पोलीस दफ्तरात ‘अ समरी’ म्हणतात. चेहरा नसलेल्या जमावाचे ते सरकारी नाव!

वास्तविक, काडी नेमकी कोणी ओढली हे न कळल्याने खटला संपत नाही. पाच वा अधिक जणांचा बेकायदेशीर जमाव समान उद्दिष्टाने जमला आणि त्या उद्दिष्टासाठी एकाने आग लावली, तर कलम १४९ अन्वये प्रत्येक सदस्य त्या गुन्ह्याचा धनी होतो. येथे कोणी रास्त शंका घेईल : नुसता बघ्या यात भरडला जाणार नाही काय? ती काळजी न्यायालयाने घेतली आहे. केवळ हजर असणे म्हणजे सदस्य असणे नव्हे. आणि मोठ्या जमावाच्या खटल्यात दोन-तीन साक्षीदारांची सुसंगत साक्ष हवी, ही कसोटी १९६४ च्या मसालती खटल्यात घातली गेली. कसोटी कडक आहे, अशक्य नाही. मात्र त्यासाठी साक्षीदार निर्भयपणे कोर्टाची पायरी चढू शकला पाहिजे, आणि ते सरकारचे काम आहे.

निर्गम ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात शेजाऱ्याचे धान्य जळाल्यास भरपाईचा भार आग लावणाऱ्यावर टाकला आहे. म्हणजे आग कोणी लावली, हे शोधून काढणे तेथेही गृहीतच धरले आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. जन्मठेपेस पात्र असलेल्या या गुन्ह्याला कालमर्यादा नाही. न्यायालयाने त्या ३१५ प्रकरणांचा पुन्हा विचार करण्यास सांगितले होते. तेव्हा ‘आता फार वर्षे झाली’ हे उत्तर कायद्याचे नव्हे, ते कंटाळ्याचे आहे. ज्यांची घरे जळली त्यांना जमावातले चेहरे ठाऊक आहेत. कित्येक तर शेजारचेच होते. प्रश्न त्यांच्या स्मृतीचा नसून, ती नोंदवून घेण्याच्या आपल्या इच्छेचा आहे.