शब्दचर्चा : ‘सेफ डिपॉझिट’

‘डिपॉझिट’ म्हणजे ठेव. परंतु बँकेच्या ‘सेफ डिपॉझिट’ लॉकरांत ठेवलेलें सोनें हें रोकड ठेवीसारखें नव्हे. रोकड किती आली हें बँक जाणते. लॉकरांत काय आहे हें तिला ठाऊक नसतें. आमच्या शास्त्रकारांनीं हा प्रकार ओळखला होता. पेटींत घालून, आंतील वस्तु न सांगतां दुसऱ्याच्या हातीं दिलेल्या द्रव्यास याज्ञवल्क्य ‘उपनिधि’ म्हणतो. तें राजानें वा चोरांनीं नेलें, किंवा दैवानें नष्ट झालें, तर भरून देण्याचें बंधन तो सांभाळणाऱ्यावर घालीत नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनीं येथें मोठा फरक केला. चोरी, आग, इमारत कोसळणें किंवा नोकरांची अफरातफर यांबद्दल बँक जबाबदार ठरते. पण भरपाई वार्षिक भाड्याच्या शंभर पट एवढीच. भाडें ३,००० रुपये असेल, तर ३ लक्ष. मग आंत आजीचे पिढीजात दागिने कितीहि मोलाचे असोत! भूकंप-पुरांत, बँकेची हयगय नसल्यास, तेंहि नाहीं. म्हणून ‘सेफ’ या शब्दावर सर्वस्वीं विसंबूं नये. दागिन्यांची यादी घरीं असावी, नामनिर्देशन करावें, आणि किल्ली कोठें आहे हें एकट्या कर्त्या पुरुषासच ठाऊक नसावें, एवढेंच आमचें सांगणें.