विश्लेषण : वाघांची मोजणी पट्ट्यांवरूनच का होते?

मूर्तिजापूरहून उत्तरेला निघून अचलपूर-परतवाडा ओलांडलं की मेळघाट सुरू होतं. 1973 मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. इथे किती वाघ आहेत, याचं उत्तर त्यांच्या कातडीवरच लिहिलेलं असतं.

पट्ट्यांवरून मोजणी कधीपासून?

पूर्वी पंजांच्या ठशांवरून वाघ मोजले जात. पण राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ असताना प्रत्यक्षात एकही उरला नसल्याचं 2005 मध्ये उघड झालं आणि या पद्धतीवरचा विश्वास उडाला. 2006 पासून दर चार वर्षांनी देशभरात कॅमेरा ट्रॅप लावून गणना होते. 2022 च्या फेरीत 3,080 वेगवेगळे वाघ फोटोंत ओळखले गेले. त्यावरून देशात 3,682, तर महाराष्ट्रात 444 वाघ असल्याचा अंदाज काढण्यात आला.

पट्टे उमटतात कसे?

पाण्यात शाईचा थेंब टाकला तर तो पसरून सगळीकडे सारखा होतो. म्हणजे पसरण्याने नक्षी पुसली जायला हवी. पण ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग यांनी 1952 मध्ये उलटं दाखवलं. एक रसायन स्वतःची वाढ करतं आणि सोबत त्या वाढीला रोखणारं दुसरं रसायनही तयार करतं. दुसरं जास्त वेगाने पसरलं, तर वाढ जागच्या जागी होते आणि आजूबाजूला अडते. यातून ठिपके किंवा पट्टे तयार होतात. प्रयोगशाळेत रसायनांमध्ये अशी नक्षी 1990 मध्ये फ्रान्समधल्या बोर्डो इथे दिसली. 2021 मध्ये घरगुती मांजरांच्या गर्भातही केस उगवण्याआधीच त्वचेत अशी आखणी होत असल्याचे पुरावे मिळाले. वाघ याच मार्जार कुळातला.

प्रत्येक वाघ वेगळा का?

नियम एकच, पण सुरुवातीचे बारीक फरक प्रत्येक गर्भात निराळे. तेच वाढत जाऊन नक्षी बदलते. त्यामुळे एकाच वाघाची डावी-उजवी बाजूही जुळत नाही.

मग चूक कुठे होऊ शकते?

इथेच. एका वाघाची फक्त डावी बाजू एका फोटोत आणि उजवी दुसऱ्या फोटोत आली, तर एकाचे दोन वाघ मोजले जाऊ शकतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे समोरासमोर लावतात. शिकाऱ्यांकडून कातडी जप्त झाली, तर जुन्या फोटोंशी पट्टे जुळवून तो वाघ कोणत्या जंगलातला होता, हेही शोधता येतं. मात्र त्यासाठी तो जिवंत असताना कॅमेऱ्यासमोरून गेलेला असावा लागतो.