चाळणीला निवाडा समजू नये

अध्ययन अक्षमतेच्या चाळणी-चाचण्यांविषयी आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. हे सारे इंग्रजी शाळांतल्या पालकांचे चोचले आहेत, हा एक. त्याची दखल घेण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. अडचण ओळखली न गेल्याने ‘ढ’ ठरलेली मुले प्रत्येकाच्या वर्गात होती. दुसरा सूर असा की, चाचणी करा म्हणजे कळेलच. आमचे भांडण आहे ते याच्याशी.

थोडे गणित मांडू. हजार मुलांपैकी शंभरांना खरोखर अडचण आहे असे धरू. चाचणी त्यांतल्या नव्वदांना पकडते, आणि अडचण नसलेल्या दर दहांपैकी नऊ मुलांना बिनचूक सोडून देते, असेही धरू. कामगिरी उत्तमच म्हणायची. तरी तिच्या यादीत नव्वद मुले खरी आणि नव्वद उगीचच येतात. दहा निसटतात ती वेगळीच. अडचण शंभरांऐवजी पन्नासांनाच असेल, तर यादीतल्या १४० मुलांपैकी ९५ उगीचच आलेली असतात. यात चाचणी घेणाऱ्याची चूक नाही. विरळ गोष्ट शोधताना असे होतेच. म्हणून सविस्तर तपासणी होईपर्यंत मुलाच्या नावापुढे कोणताही शब्द लागता कामा नये.

मराठीत प्रकरण अधिक नाजूक होते. ‘बी’ आणि ‘डी’ची उलटापालट हे लक्षण सांगणाऱ्या याद्या आपल्या काय कामाच्या? आपल्या मुलांना छळतात ते ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’. ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते, उच्चारायची मात्र नंतर, ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर, उच्चार त्याच्या आधी. सोनाली नाग यांनी २००७मध्ये कन्नड मुलांच्या अभ्यासातून दाखवले की, अशा लिपीतली अक्षरे पक्की व्हायला चौथीपर्यंत आणि त्यापुढेही काळ लागतो. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यांतले जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी करावी असे ठरवले होते. जोडाक्षरापाशी अडखळणारे मूल त्या वयात कदाचित वाटेवरच असते.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही सिद्ध केला, हे मोठेच काम झाले. परंतु मेळघाटातल्या कोरकू मुलाला मराठीही शाळेतच भेटते. त्याला वाचता येत नाही, की त्याला कोणी नीट शिकवलेच नाही? हा फरक कागदावरचे गुण सांगत नाहीत.

तेव्हा चाचणीच्या कागदावर गुणांच्या आधी दोन रकाने असावेत: घरची भाषा कोणती, आणि या मुलाला प्रत्यक्षात किती महिने वाचायला शिकवले. मग काही आठवडे नेमाने शिकवून त्याची चाचणी पुन्हा घ्यावी, आणि पालकांच्या हाती दोन्ही निकाल द्यावेत.