डोमेन कुणाच्या नावावर आहे?



गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या वेबसाइटचं नाव जवळजवळ तीन महिने अडकून पडलं, एका १२,५०० रुपयांच्या बिलापायी. या वेबसाइटवर आम्ही नांदेड-लातूरच्या खेड्यांतल्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवल्यात. १९७८ नंतरची जाळपोळ त्यांनी सोसली आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तारही पाहिला. त्यातले काही जण आज हयात नाहीत. विहाराच्या फलकावर आणि जयंतीच्या पत्रकांवर तोच पत्ता छापलेला. तो गेला असता तर नवा पत्ता कुणाकुणाला सांगत फिरणार?

वेबसाइट केली होती आपल्याच वस्तीतल्या एका पोरानं. "ताई, तुम्ही फक्त मजकूर द्या, बाकीचं मी बघतो," म्हणाला. त्यानं बघितलं, म्हणजे डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. आम्ही पैसे दिले आणि विसरून गेलो. पुढं दुसऱ्या कंपनीकडं नेऊ म्हटलं तेव्हा बिल आलं: मेंटेनन्स ६,०००, होस्टिंग ३,५००, डोमेन ट्रान्सफर चार्ज ३,०००. हे भरा, मगच कोड देतो.

इथं तीन वेगळे हिशेब एका दोरीत बांधलेत. डोमेनचं वार्षिक शुल्क हा एक हिशेब. तो आमचा चुकता होता, व्हॉट्सअॅपवर पावतीही होती. होस्टिंग आणि मेंटेनन्स हा दुसरा. तिसरा ट्रान्सफरचा. डॉट ऑर्ग किंवा डॉट कॉम नाव हलवताना नव्या कंपनीकडं एका वर्षाचं शुल्क भरावं लागतं आणि ते वर्ष मुदतीत वाढून मिळतं. मधल्या माणसानं मागितलेला 'चार्ज' ही त्याची मजुरी. ती घ्यायला हरकत नाही, पण आधी सांगून.

या नावांसाठी आयकॅन या जागतिक संस्थेचे ट्रान्सफरचे नियम आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. झालेल्या किंवा चालू मुदतीचं नोंदणी शुल्क थकलं असेल तर जुनी कंपनी ट्रान्सफर नाकारू शकते. पुढच्या मुदतीच्या पैशासाठी नाकारू शकत नाही. मधल्या एजंटानं कंपनीचे पैसे बुडवले पण नावाच्या मालकानं आपले भरलेत, तरीही नाकारू शकत नाही. पैशाचा वाद आहे एवढ्याच कारणावरून कोड दाबून ठेवता येत नाही. मागितल्यापासून पाच दिवसांत तो द्यावा लागतो. आमच्या खजिनदारांनी रागाच्या भरात बँकेला सांगून कार्डवरचं पेमेंट उलटवायचं ठरवलं होतं. वेळीच थांबवलं. उलटवलेलं पेमेंट म्हणजे थकबाकीच धरतात. मग कंपनीला नाव होल्डवर टाकायला आणि ट्रान्सफर नाकारायला रीतसर कारण मिळतं.

मी हे सगळं छापून मीटिंगला नेलं. वाटलं, जिंकलो. मग एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं, "ताई, यात 'मालक' म्हणजे कोण?" मालक म्हणजे नोंदीत ज्याचं नाव आहे तो. नोंदीत आमचं नाव नव्हतंच. नियम आमच्या बाजूचे होते, पण आम्ही नियमांच्या बाहेर उभे होतो.

एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, 'मूकनायक'वर तरी संपादक म्हणून बाबासाहेबांचं नाव कुठं होतं? बरोबर आहे. १९२० साली नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं होतं, कारण बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते. ती अडचण होती, आदर्श नव्हे. १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघालं तेव्हा संपादक म्हणून स्वतःचं नाव घातलं, पुढं छापखानाही स्वतःचा उभा केला. आणि 'मूकनायक'ची जाहिरात पैसे मोजूनही 'केसरी'नं घेतली नव्हती, हे आपण दर जयंतीला सांगतो. पैसे मोजले म्हणजे जागा आपली झाली असं नसतं, हे त्यातलं आपण ऐकतच नाही.

आता दुसरी बाजू, जी मीटिंगमध्ये कुणाला आवडली नाही. मेंटेनन्सचे पैसे आम्ही खरंच चौदा महिने दिले नव्हते. रात्री अकराला फोन करून "बाळा, तेवढा फोटो बदल" म्हणायचं आणि पैशाचा विषय निघाला की "चळवळीचं काम आहे" म्हणायचं. त्या पोराच्या घरात दुसरं उत्पन्न नाही. वेठबिगारीवर भाषणं देणाऱ्या आपण आपल्याच पोरांकडून फुकट राबवून घेतो, आणि त्यानं कोड अडवला की त्याला गद्दार ठरवतो. कोड अडवणं चूकच होतं. पण त्याच्या हातात अडवण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

मी आणि आणखी एक ताई त्याच्या घरी गेलो. चहा झाला. मेंटेनन्स आणि होस्टिंगचे ९,५०० दिले, ट्रान्सफर चार्ज त्यानं सोडला. त्याच दिवशी नोंद मंडळाच्या नावावर करून घेतली आणि तिथं पुन्हा अडखळलो. मालकाचं नाव बदललं की साठ दिवस ट्रान्सफर बंद राहतं; ते नको असेल तर बदल करण्याआधीच तसं कळवायचं असतं. आम्ही कळवलं नव्हतं. साठ दिवस मोजत बसलो.

तुमच्या संघटनेचं डोमेन असेल तर या रविवारच्या मीटिंगला खात्यात लॉगिन करून बघा, रजिस्ट्रंटच्या रकान्यात कुणाचं नाव आहे. बाहेरून शोधून उपयोग नाही, तिथं बहुतेक वेळा नाव झाकलेलं असतं. ईमेल कुणा एकाच्या घरचा नको, संस्थेचा हवा, पासवर्ड दोघांकडं. डॉट इन असेल तर ते निक्सीच्या अखत्यारीत येतं, आयकॅनचे वरचे नियम तिथं जसेच्या तसे लागू नाहीत. कंपनीला लेखी विचारा. आणि डोमेन, होस्टिंग, मजुरी यांची बिलं वेगवेगळी मागा.

वेबसाइटचं काम अजून तोच पोरगा बघतो. महिना ५०० रुपये, दर पाच तारखेला, पावतीसकट.