मीटर 'मोफत', भुर्दंड कोणाला?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे लोकलची वाट पाहताना नव्या वीजमीटरविषयी नाना मते कानी पडतात. एक म्हणतो, मीटर पळतो. दुसरा म्हणतो, आता चोरी थांबेल. यंत्राच्या गुणदोषांची ही चर्चा खरा प्रश्न झाकून टाकते. तो आहे पैशाचा आणि संमतीचा.

'महावितरण'ने 2023 साली भांडुप, कल्याण, कोकण, बारामती व पुणे परिमंडलांतील सुमारे 1 कोटी 16 लाख स्मार्ट मीटरांचे कंत्राट अदानी समूहाला दिले. रक्कम सुमारे 13,888 कोटी रुपये. म्हणजे देखभाल धरून दर मीटरमागे जवळजवळ 12 हजार. त्यात केंद्राचे अनुदान फार तर 900 रुपये! मीटर 'मोफत' बसतो खरा. पण उरलेली रक्कम वीज कंपनी आपल्या ग्राहकांवाचून दुसऱ्या कोणाकडून आणणार?

जून 2024 मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर केले. पुढे स्मार्ट मीटरच 'टीओडी' हे नाव धारण करून, बिल मागाहून भरण्याच्या सोयीसह दारात आले. जुलै 2025 पासून त्यांवर दिवसाच्या वापरासाठी सवलत जाहीर झाली. सकाळच्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या कामगाराच्या बंद घराला तिचा उपयोग तो काय?

वीज कायदा 2003 चे कलम 47(5) प्रीपेड मीटरची गोष्ट ग्राहकाच्या तयारीवर सोडते. कार्यकर्त्यांनी मीटर पळण्याच्या तक्रारी जरूर गोळा कराव्यात. परंतु नियामक आयोगाच्या पुढील दरसुनावणीत या 12 हजारांचा हिशेब मागणारी लेखी हरकत प्रत्येक वस्तीतून गेली पाहिजे.