पैठणीचा विणकर अनामिकच का?

टिकाऊ आणि विचारी वस्त्राची भाषा अलीकडे फॅशनच्या दुनियेत मोठ्या आदराने बोलली जाते. ढाक्याजवळची राना प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा स्वस्त कपड्यांची खरी किंमत जगाला कळली.

पैठणला हा विचार नवा नाही. सातवाहनांच्या या राजधानीचे नाव धारण करणारे वस्त्र मुळी पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणूनच विणले जाते. लहान तिल्ल्यांवर रंगीत रेशीम घेऊन, धाग्यात धागा अडकवीत विणकर पदरावर मोर उभा करतो. म्हणूनच अस्सल पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. नक्षी दाट असेल तर एका साडीला महिनोन्‌महिने लागतात.

परंतु नजर विणकराची, हात त्याचा आणि नाव मात्र दुकानाचे किंवा वेशभूषाकाराचे! २०१० साली लाभलेल्या भौगोलिक मानांकनाने पैठणीचे नाव राखले, विणणाऱ्याचे नव्हे. यंत्रमागावरील नक्कल तर त्याच नावाने सर्रास खपते.

तेव्हा प्रत्येक पैठणीसोबत विणकराचे नाव व लागलेले दिवस नोंदविलेली चिठ्ठी असावी आणि ग्राहकाने ती आग्रहाने मागावी. नावाने पोट भरत नाही, असे कोणी म्हणेल. पण ज्याला नाव आहे, त्यालाच भाव मागता येतो. विणकराच्या मुलांना मागावर मान आणि भाकरी दोन्ही दिसली, तरच पैठणी वस्तुसंग्रहालयाबाहेर जिवंत राहील.