मुसळीच्या नावाची पुडी

पहिला पाऊस झाला की आदिवासी बाया फोडशीच्या जुड्या घेऊन बोईसरच्या बाजारात येतात. ही रानभाजी मुसळीच्याच कुळातली. याच कुळातल्या सफेद मुसळीची मुळी मात्र ‘मर्दानी ताकद’ म्हणून विकली जाते. तिच्या शास्त्रीय नावात आपलं बोरिवली आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये ते नाव दिलं.

मुसळीशी आमचं भांडण नाही. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे, आणि जाणता वैद्य माणसाची प्रकृती, पचन, झोप विचारल्याशिवाय औषध देत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत मुसळीचा काही गुण दिसला आहे. माणसांवरचा भक्कम पुरावा अजून तोकडा आहे. भांडण आहे ते नाव-गाव नसलेल्या पुडीशी. अशा ‘शुद्ध वनौषधी’त सिल्डेनाफिल हे ताठरतेसाठी दिलं जाणारं रासायनिक औषध मिसळलेलं जगभर वारंवार सापडलं आहे. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्याने ती पुडी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

दुसरा घात याहून सावकाश होतो. ताठरता कमी होणं ही अनेकदा मधुमेहाची किंवा आकसत चाललेल्या रक्तवाहिन्यांची पहिली खूण असते. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून तक्रार तिथे काही वर्षं आधी सुरू होते. बोईसरजवळच्या बेटेगावात खोली घेऊन राहणारा, रात्रपाळी करणारा चाळिशीचा कामगार लाजेपोटी पुडी घेतो. त्याची साखर कुणी तपासत नाही.

लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी भिंती रंगतात, पत्रकं वाटली जातात. पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाने हे गुन्हे नोंदवलेच पाहिजेत.

एक मागणी कारखान्यांकडेही आहे. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात कामगाराची दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी कायद्याने सक्तीची आहे. तारापूर एमआयडीसीतल्या डॉक्टरांनी त्या वेळी दार लावून घेऊन ताठरतेचाही प्रश्न विचारावा, आणि लगेच साखर व रक्तदाब बघावा.